पुस्तकातली बाग, कृष्णाकाठची माती

वाचकांचे प्रश्न : फळबाग आणि परसबाग

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: पुस्तकात लिहिलंय तसं सगळं केलं, तरी झाड ऐकत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याची माती आणि त्याचं हवामान असतं. म्हणून प्रत्येक उत्तरात ती सूचना मुळात कशासाठी होती ते आधी पाहिलं आहे. पत्रं सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतली असल्यानं उत्तरंही तिथल्यापुरती आहेत.

प्रश्न : भाच्यानं इंग्लंडहून भाजीपाल्याचं जाडजूड पुस्तक पाठवलं. टोमॅटोचं बी शेवटच्या गोठवणाऱ्या थंडीआधी सहा ते आठ आठवडे घरात पेरा, रोप दक्षिणेच्या भिंतीलगत लावा, असं त्यात आहे. सांगलीत हे कसं धरायचं? सोबत आलेलं कांद्याचं बीही लावलं. पात भरपूर आली, कांदा धरलाच नाही.
(विश्रामबाग, सांगली)

तिकडची सगळी गणितं थंडीभोवती फिरतात. आपल्याकडे पिकाला अडवतात ते दोघे: मार्च ते मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. तेव्हा 'शेवटची थंडी' शोधत बसू नका, 'शेवटचा मोठा पाऊस' धरा.

टोमॅटोच्या फुलांवर दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २२-२३ अंशांच्या वर तापमान राहू लागलं की परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं देठातून गळतात. सांगलीत घरच्या बागेसाठी सर्वांत भरवशाची पेरणी गणपतीपासून दसऱ्यापर्यंतची. बी ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा, २५ ते ३० दिवसांचं रोप वाफ्यात लावा. जूनची लागवडही होते, पण तेव्हा करप्याशी झुंजावं लागतं: काठीचा आधार द्यायचा, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाकायची आणि पाणी पानांवर न पडता बुडाशी द्यायचं. जानेवारीत पेरलेल्या टोमॅटोला एप्रिलपर्यंत फळ धरतं. मे महिन्यात नवीन फळाची आशा सोडा.

भिंतीचं म्हणाल तर तिकडे सूर्य वर्षभर दक्षिणेच्या अंगानं आणि खालून फिरतो. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसा तापते आणि रात्री रोपाला ऊब देते, म्हणून ती सूचना. सांगलीत मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि खरा जाच पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारी तीननंतर तापलेली ही भिंत रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहते. उन्हाळ्यात पालेभाज्या घराच्या पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन त्यांना पुरतं.

इतर पिकांसाठी ढोबळ हिशेब असा. पुस्तकात मार्च-एप्रिलला उघड्यावर पेरायला सांगितलेलं पीक, म्हणजे वाटाणा, पालक, गाजर, कोबी, आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. मे-जूनला सांगितलेलं, म्हणजे काकडी, भोपळा, मका, आपल्याकडे जूनला किंवा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत.

कांद्याचं गणित मात्र महिने बदलून सुटत नाही. तिकडच्या जातींना गड्डा धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, सांगलीत वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच. ती जात इथं जन्मभर पातच देणार. पात खा, आणि रब्बीसाठी एन-२-४-१, खरिपासाठी बसवंत ७८० यांसारखी आपल्याकडची जात लावा.

प्रश्न : कागदी लिंबाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुस्तकात लोहाची कमतरता म्हटलंय. आळ्यात दोन वेळा हिराकस (फेरस सल्फेट) टाकला, फरक शून्य. दुसऱ्या एका पुस्तकात 'चुना टाकून माती गोड करा' असं वाचलं. टाकू का?
(पलूस)

चुना अजिबात टाकू नका. ती सूचना जास्त पावसात धुपून आम्लधर्मी झालेल्या जमिनीची आहे. आपल्याकडे महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरी तांबड्या मातीत ती काही अंशी लागू पडेल, तीही माती तपासून. पलूसच्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर असते आणि सामू (पीएच) बहुधा ८ च्या वर.

घरच्या घरी बघायचं असेल तर आळ्यात वीतभर खोलवरचं ढेकूळ घ्या, वाळवा आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फेस आला तर चुनखडी आहे. फेस फार बारीक असेल तर ढेकूळ कानाजवळ धरा, चुरचुर ऐकू येते. आम्ल हातावर पडू देऊ नका.

तुमच्या जमिनीत लोह नाही असं नाही, ते अडकलेलं आहे. अशा मातीत हिराकस टाकला की त्यातलं लोह थोड्याच दिवसांत तांबूस, न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना मिळत नाही. म्हणून उपाय पानावरून सुरू करायचा. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग ५० ग्रॅम हिराकस. क्रम उलटा केलात तर बोअरच्या जड पाण्यात लोह तिथंच बसतं. द्रावण फिकट हिरवं राहिलं पाहिजे. गंजासारखं तपकिरी झालं तर फेकून द्या. पुडीतला हिराकस पिवळट-तपकिरी पडलेला असेल तर तोही निरुपयोगी. फवारणी संध्याकाळी, कोवळ्या फुटीवर, १५ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. फवारलेलं पान हिरवं होतं, पण त्यानंतर येणारं नवं पान पुन्हा पिवळं दिसू शकतं, म्हणून एका फवारणीवर निकाल लावू नका.

जमिनीतून द्यायचंच तर १०० ग्रॅम हिराकस १० किलो शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरवा आणि मग आळ्यात द्या. चिलेटेड (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) लोह घेताना पाकिटावर नीट बघा. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या पुढे टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारच लागतो. तो महाग असतो, पण स्वस्तातला ईडीटीए मातीत ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

एक गोष्ट पत्रात लिहिलेली नाही, पण विचारायला हवी: पाणी किती देता? काळ्या जमिनीत आळं सतत भरलेलं असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि हाच पिवळेपणा वाढतो. वरची दोन बोटं माती वाळल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नका. आळं दुहेरी करा. आतलं लहान आळं खोडाभोवती, त्याला मातीचा बांध, आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या येतो आणि मग झाड वाचवणं अवघड.

पिवळेपणा नव्या पानांऐवजी जुन्या पानांवर असेल तर मात्र लोहाचा संशय सोडा. सगळं पान एकसारखं पिवळं पडलं तर नत्र कमी. देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकी पिवळं झालं तर मॅग्नेशियम. माती तपासणीसाठी बोरगाव (सातारा), काळवडे (कराड) किंवा कांचनपूर (मिरज) इथलं कृषी विज्ञान केंद्र जवळचं असेल ते गाठा.

प्रश्न : गच्चीवर आठ इंच मातीचा वाफा करायचा आहे. पुस्तकात 'बागेतली माती, पीट आणि थोडा चुना' असं मिश्रण आहे. आमची मळ्यातली काळी माती कुंडीत भरली तर विटेसारखी होते.
(कराड)

आधी वजनाचं बघू. ये-जा असलेल्या गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. आठ इंच म्हणजे २० सेंटिमीटर. एका चौरस मीटरला २०० लिटर माती झाली. भिजल्यावर तिचं वजन ३०० किलोच्या पुढे जातं. इंजिनिअरला नकाशा दाखवल्याशिवाय असा वाफा करू नका. पंधरा लिटरच्या (बारा इंची) कुंड्या, हलकं मिश्रण, चौरस मीटरला सहा-सात, आणि त्याही तुळईवर किंवा खालच्या भिंतीच्या रेषेत ठेवल्या तर काळजी नाही.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगांतून तिला जागा मिळते. कुंडीत ती मुळं आवळते आणि पाणी माती व कुंडीची कड यांच्या फटीतून थेट खाली जातं. वर पाणी दिलं आणि लगेच खालून आलं, म्हणजे माती भिजली असं समजू नका.

पुस्तकातला चुना पीटसाठी आहे. पीट म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. ते फार आम्लधर्मी असतं, ते शमवायला चुना घालतात. आपण वापरतो ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याला चुना नको. त्यात मीठ मात्र असू शकतं, म्हणून ते भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा, निथळणारं पाणी फिकट होईपर्यंत.

घमेल्याच्या मापानं: तीन घमेली चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, तीन कोकोपीट, दोन तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाताचं तूस (पाटण, शिराळ्याकडच्या भात गिरण्यांत मिळतं) आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. काळीच माती वापरायची तर दोनऐवजी एक घमेलं.

तुमच्याकडे उसाचं पाचट फुकट आहे, ते सोडू नका. शेतात टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत देतात. याच हिशेबानं १० किलो पाचटाला ८० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० ग्रॅम. वीत-वीत तुकडे करून, थर देऊन, पिळल्यावर हाताला ओल लागेल पण पाणी टपकणार नाही इतपत भिजवा. न कुजलेलं पाचट कुंडीत भरलं की जिवाणू रोपाच्या वाट्याचं नत्र वापरतात आणि रोप पिवळं पडतं. साखर कारखान्यावरची ताजी मळीही (प्रेसमड) तशीच भरू नका. ती तापते आणि मुळं भाजतात. आधी कुजवून घ्या.

प्रश्न : वडिलांकडचं भाजीपाल्याचं जुनं मराठी पुस्तक सापडलं. त्यात खत 'एकरी वीस गाड्या' आणि किडीला बीएचसी भुकटी असं आहे. आज वापरता येईल?
(कोरेगाव)

लागवडीचं अंतर, खड्डा भरणं, वळण-छाटणी, आंतरपिकं हे भाग आजही उत्तम असतात. जुन्या लेखकांची निरीक्षणं पक्की होती. औषधांची पानं मात्र पेन्सिलीनं आडवी मारून टाका. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, एंडोसल्फानवर २०११ मध्ये. कार्बारिल आणि मिथाइल पॅराथिऑन २०१८ च्या आदेशानं गेले, त्याच आदेशानं फोरेट आणि डायक्लोरव्हॉस २०२० अखेर बंद झाले. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासूनच मनाई. माळ्यावर जुने डबे असतील तर ते विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका, कृषी सहायकांना (आता सहायक कृषी अधिकारी) विचारा.

त्याऐवजी मावा, तुडतुड्यांना ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, १० लिटर करा, २० ग्रॅम साबण चुरा घाला, त्याच दिवशी संध्याकाळी फवारा.

गाडीचा हिशेब: बैलगाडी म्हणजे अंदाजे ५०० किलो. वीस गाड्या म्हणजे १० टन. १०० चौरस फुटांना २३ किलो, मोठी दोन घमेली.

प्रश्न : साताऱ्यात घरी स्ट्रॉबेरी लावली. परदेशी पुस्तकात पहिल्या वर्षीची सगळी फुलं खुडायला सांगितलंय. खुडू का?
(शाहूपुरी, सातारा)

नको. तिकडे तेच झाड तीन-चार वर्षं ठेवतात, म्हणून पहिलं वर्ष त्याला वाढू देतात. आपल्याकडे हे एका हंगामाचं पीक. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोप लावायचं, पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुलं तेवढी काढायची. रोपाचा गाभा मातीच्या पातळीत हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. अंतर एक फूट. खाली भाताचा पेंढा किंवा प्लास्टिक, म्हणजे फळ मातीला लागून कुजत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला हंगाम लांबतो, साताऱ्यात मार्चचं ऊन सुरू झालं की फळ बारीक होऊ लागतं.

प्रश्न : डाळिंबाच्या तेल्यासाठी पुस्तकात '१ टक्का बोर्डो मिश्रण' एवढंच लिहिलंय. ते करायचं कसं? मागच्या वेळी पानं भाजली.
(आटपाडी)

पानं भाजली म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) मोकळा राहिला, चुना कमी पडला किंवा जुना होता. हवेवर पडून भुकटी झालेला चुना चालत नाही, कळीचा ताजा चुना घ्या.

१० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद कुटून, फडक्यात बांधून ५ लिटर पाण्यात रात्रभर लोंबता ठेवा. तळाशी टाकला तर विरघळायला फार वेळ लागतो. चुना आधी थोड्या पाण्यात विरू द्या, थंड झाल्यावर ५ लिटर करून गाळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी बादली नको. मग गाळलेल्या चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं ओतत ढवळत राहा. उलटं ओतलं तर मिश्रणाचे कण जाड होतात आणि नोझल तुंबतो. रंग आकाशी यायला हवा.

आता घासून स्वच्छ केलेला विळा किंवा खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस लेप दिसला तर मोरचूद जास्त आहे. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालून पुन्हा बुडवा, लोखंड स्वच्छ निघेपर्यंत. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्याचा चिकटपणा जातो.

१ टक्क्याची फवारणी छाटणीनंतर, झाड विश्रांतीत असताना. कोवळ्या फुटीवर आणि फुलांवर ती करू नका. तेल्याचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, त्यामुळे मृग बहरात (जून-जुलैच्या फुलोऱ्यात) तो हमखास गाठतो. रोग असलेल्या बागेत मृग सोडून हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरा. डागाच्या दोन इंच खालून फांदी कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, कापलेलं बागेबाहेर नेऊन जाळा.

प्रश्न : जतला सफरचंद येईल का? पुस्तकात फोटो फार सुंदर आहेत.
(जत)

नेहमीच्या जातींना ७ अंशांखालचे हजारेक तास थंडी लागते, ती जतला मिळणार नाही. हरमन-९९ किंवा अण्णा यांसारख्या कमी थंडीच्या जाती जगतात, थोडी फळंही देतात. हौस म्हणून एक झाड लावा. उत्पन्नाचा विचार असेल तर त्याच खड्ड्यात सीताफळ लावलेलं बरं.

प्रश्न : बागकामाचं एकच पुस्तक घ्यायचं तर निवडायचं कसं?
(तासगाव)

दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. लेखक कुठल्या भागात पिकवतो ते लिहिलंय का. पेरणी महिन्यांत किंवा नक्षत्रांत दिली आहे का. आणि पीक का फसतं याला किती जागा दिली आहे. प्रत्येक पिकाखाली 'उत्तम निचऱ्याची मध्यम ते भारी जमीन' हेच वाक्य असेल तर पुस्तक खाली ठेवा.

आमचं मत विचाराल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी. फोटोंची हौस तिथं फिटणार नाही, पण जाती आणि मात्रा आपल्या भागाच्या. आकडे हेक्टरी असतात, त्याची धास्ती नको: हेक्टरी १ किलो म्हणजे १०० चौरस फुटांना जवळपास १ ग्रॅम. फक्त नत्र आणि युरिया यांत गल्लत करू नका. हेक्टरी १०० किलो नत्र म्हटलं असेल तर १०० चौरस फुटांना ९३ ग्रॅम नत्र, म्हणजे ४६ टक्क्यांच्या युरियाचे सुमारे २०० ग्रॅम, आणि तेही दोन-तीन हप्त्यांत.

प्रश्न : पुस्तकात वाचून दुधीला रोज सकाळी हातानं परागीकरण करते. तरी बोटभर दुधी पिवळे पडून गळतात.
(वाई)

पुस्तकातली सकाळ भोपळ्याची आहे. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी. सकाळी तुम्ही हात लावता तेव्हा दुधीचं फूल कोमेजायला लागलेलं असतं.

संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान वेलाजवळ जा. लांब, बारीक देठाचं फूल नर. ज्याच्या मागे छोटा लवदार दुधी असतो ते मादी. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर हलकेच फिरवा. एका पाळीवर पराग कमी पडले तर दुधी एका अंगानं वाकडा वाढतो. साधल्यास चार दिवसांत देठ जाड होऊन फळ खाली झुकतं.

एवढं करूनही गळत असेल तर गळलेलं फळ उभं चिरून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ते काम फळमाशीचं. क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा आणि गळलेली फळं वेलाखाली पडू न देता रोज वेचून, पिशवीत बांधून, उन्हात ठेवा.